अरुणाच्या वतीने कोण बोलणार?

नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारच्या आश्रमात विनोबा भावे यांना हृदयविकाराचा झटका आला. उपचार झाले, प्रकृती थोडी सावरलीही. मग विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध तिन्ही सोडलं. डॉक्टरांनी विनवलं, अनुयायांनी गळ घातली, पंतप्रधान इंदिरा गांधी येऊन गेल्या. विनोबा बधले नाहीत. १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, ते गेले. त्याआधी सोळा वर्षं सावरकरांनी मुंबईत याच वाटेने देह ठेवला होता. १ फेब्रुवारी १९६६ पासून अन्न आणि औषध बंद, २६ फेब्रुवारीला शेवट. दोघांच्या विचारांत जमीन-अस्मानाचं अंतर, पण प्रायोपवेशनापुढे महाराष्ट्राने दोन्ही वेळा हातच जोडले. आळंदीच्या समाधीला माथा टेकत वाढलेल्या समाजाला, आयुष्य पुरं झालं असं ज्याला मनापासून वाटतं त्याने ते शांतपणे ठेवून द्यावं, ही कल्पना परकी नव्हती.

पण हा मान थोरामोठ्यांचा. सामान्य माणसासाठी भारतीय दंड विधानाचं कलम ३०९ होतं. जीव देण्याचा प्रयत्न फसला तर एक वर्षापर्यंतची कैद. आणि सत्तरीच्या दशकापासून मोठ्या शहरांच्या रुग्णालयांत अतिदक्षता विभाग आणि श्वास चालवणारी यंत्रं येऊ लागली, तेव्हा तिसराच प्रश्न उभा राहिला. ज्याला आता काहीच ठरवता येत नाही, काही सांगता येत नाही, त्याचं काय करायचं? विनोबा ‘नको’ म्हणू शकत होते. नळ्या लावलेला, शुद्ध हरपलेला माणूस ते म्हणू शकत नाही. पुढच्या चार दशकांत कायद्यापुढे आलेला खरा पेच हाच होता, आणि तो समजून घ्यायला बराच काळ गेला, कारण सुरुवातीला सगळे भांडत होते ते ‘मरण्याचा हक्क आहे की नाही’ या भल्यामोठ्या प्रश्नावर.

भांडणाची सुरुवात मुंबईत झाली. संविधान सभेचे सदस्य, मुंबईचे माजी महापौर आणि स्वतंत्र पक्षाच्या संस्थापकांपैकी एक असलेले मिनू मसानी यांनी १९८१ मध्ये सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी एक संस्था काढली. बरा न होणाऱ्या रुग्णावर त्याच्या मर्जीविरुद्ध उपचार लादू नयेत, आपली इच्छा त्याला आधीच लिहून ठेवता यावी, एवढीच त्यांची मागणी होती. संस्थेचे सभासद शहरी, इंग्रजी वाचणारे, बहुतेक उतारवयातले. लोकांनी त्यांच्याकडे जरा कुतूहलानेच पाहिलं. १९८५ मध्ये समाजवादी नेते प्रा. सदानंद वर्दे यांनी विधान परिषदेत एक खासगी विधेयक मांडलं. असाध्य आजारात रुग्णाच्या इच्छेनुसार उपचार थांबवणाऱ्या डॉक्टरला कायद्याचं संरक्षण मिळावं, हा त्याचा गाभा. त्याचा कायदा झाला नाही. मात्र आज देशात जी व्यवस्था आहे तिचं बीज त्या कागदात होतं, आणि ते मुंबईच्या विधान भवनात पडलं होतं, याची आठवण फारशी कुणी काढत नाही.

पुढच्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात वेगळंच प्रकरण आलं. मुंबई पोलिसांतला एक शिपाई, रस्त्यावरच्या अपघातानंतर मानसिक आजार जडलेला. बायकोच्या भाजीच्या दुकानाच्या परवानगीसाठी तो महापालिका आयुक्तांना भेटायला गेला, भेट मिळाली नाही, आणि तिथेच त्याने अंगावर रॉकेल ओतून घेतलं. लोकांनी त्याला पेटू दिलं नाही. पोलिसांनी कलम ३०९ लावलं. न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील यांच्या खंडपीठाने १९८६ मध्ये ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. जगण्याच्या हक्कात न जगण्याचाही हक्क येतो, आणि अशा माणसाला गरज तुरुंगाची नसून मानसोपचाराची आहे, असं निकाल सांगतो. याच निकालाने आत्महत्या आणि दयामरण यांच्यात स्पष्ट रेघही ओढली. दुसऱ्याने संपवलेलं आयुष्य ही वेगळीच गोष्ट.

सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी १९९४ मध्ये हीच भूमिका घेतली. दोनच वर्षांनी, मार्च १९९६ मध्ये, ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती उलटवली. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. एवढ्यावर दार बंद झालं असतं, पण निकालात एक फट राहिली. जे मरण आधीच जवळ आलं आहे, ते सन्मानाने येऊ देणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग असू शकतो, असं घटनापीठाने म्हटलं होतं. पुढची सगळी वकिली त्या फटीतून आत शिरली.

इतकी वर्षं हा वाद चालला होता कलमांवर आणि तत्त्वांवर. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात मात्र तो एका खाटेवर पडून होता.

अरुणा शानभाग मूळची उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरची. नर्स होण्यासाठी मुंबईला आली, के.ई.एम.मध्ये लागली, तिथल्याच एका डॉक्टरशी तिचं लग्न ठरलं. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी काम आटोपून ती कपडे बदलत असताना रुग्णालयातल्या एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळून त्याने तिच्यावर अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सापडली तोवर मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने भरून न येणारी हानी झाली होती. हल्लेखोरावर चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा सिद्ध झाला, सात वर्षं शिक्षा झाली, ती भोगून तो सुटला. बलात्काराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नव्हता. परिचारिकांनी संप केला, सुरक्षित कामाची मागणी केली. अरुणा तेव्हा पंचविशीत होती.

ती गेली नाही आणि परतलीही नाही. वॉर्ड क्रमांक ४ लगतच्या खोलीत ती राहिली. तिला दिसत नव्हतं, बोलता येत नव्हतं, हातपाय आखडत गेले. आईवडील वारले, नातेवाइकांचं येणं आटत गेलं. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्याचा संसार पुढे दुसरीकडे उभा राहिला. उरल्या त्या नर्स. त्यांनी तिला अंघोळ घातली, कूस बदलली, अन्न बारीक करून तोंडात घातलं. महापालिकेने तिला रुग्णालयाबाहेर हलवण्याचा विचार केला तेव्हा नर्स उभ्या ठाकल्या आणि तो बेत बारगळला. १९७३ साली जन्मालाही आल्या नव्हत्या अशा मुली नर्स होऊन आल्या आणि तिच्या सेवेला लागल्या. इतक्या वर्षांत तिला शय्याव्रण, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला हमखास होणारी जखम, होऊ दिली नाही. ज्याने घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलं आहे त्याला या वाक्याचं वजन कळेल.

बाहेरच्या जगाने तिला अधूनमधून आठवलं. दत्तकुमार देसाईंचं ‘कथा अरुणाची’ हे नाटक नव्वदीत महाविद्यालयांतून झालं, २००२ मध्ये विनय आपटे यांनी ते व्यावसायिक रंगभूमीवर आणलं. १९९८ मध्ये पत्रकार पिंकी विराणी यांचं अरुणावरचं इंग्रजी पुस्तक आलं. आणि २००९ मध्ये विराणी तिची ‘मित्र’ म्हणून थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मागणी अशी, की अरुणाला भरवणं थांबवावं आणि तिला शांतपणे जाऊ द्यावं.

इथून या गोष्टीत दोन माया समोरासमोर आल्या. विराणींचं म्हणणं, हे जगणं नाही आणि अशा अवस्थेत तिला ठेवणं हा तिच्यावर दुसरा अन्याय आहे. नर्सचं म्हणणं, ती आमची आहे, ती खाते, तिला माशांचं सूप आवडतं, आवाजाला ती दाद देते, तुम्ही कोण? एका निवृत्त परिचारिकेने पगाराशिवाय अरुणाची सेवा करत राहण्याची तयारी न्यायालयाला कळवली. याचिकेच्या विरोधात युक्तिवाद करताना आणखीही एक सूर लागला. भारतीय समाज भावनाप्रधान, आईवडिलांना वृद्धाश्रमात टाकणारा नव्हे, आणि दयामरणाला वाट दिली तर इस्टेटीसाठी नातेवाईक डॉक्टरांशी संगनमत करतील, असा. एकाच दमात माणसं इतकी प्रेमळ आणि इतकी लोभी कशी, हा प्रश्न तिथे कुणी विचारला की नाही ठाऊक नाही. पण लोकांच्या मनात दोन्ही गोष्टी खरोखरच शेजारी शेजारी नांदतात, हेही तितकंच खरं. नोव्हेंबर २०१० मध्ये गोव्यात घडणारा, इच्छामरण मागणाऱ्या जादूगाराचा ‘गुजारिश’ हा चित्रपट आला आणि पडद्यावरच्या नायकासाठी प्रेक्षक हळहळले. परळच्या खाटेबद्दल मत देताना मात्र अनेकांची जीभ अडखळली.

न्यायालयाने मुंबईच्या तीन डॉक्टरांची समिती नेमली. टाटा मेमोरियलचे डॉ. जे. व्ही. दिवातिया, हिंदुजाचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. रूप गुरसहानी आणि शीवच्या रुग्णालयातले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नीलेश शाह. जानेवारी २०११ मध्ये त्यांनी अरुणाला तपासलं. तिचा मेंदू मृत नव्हता, श्वास ती स्वतः घेत होती, कोणतंही यंत्र लावलेलं नव्हतं. कायमच्या अचेत अवस्थेचे बहुतेक निकष तिला लागू होत होते. तपासणीचं चित्रण न्यायालयात सर्वांसमोर दाखवलं गेलं.

७ मार्च २०११ ला न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. काटजूंच्या सवयीप्रमाणे त्याची सुरुवात गालिबच्या शेराने झाली. याचिका फेटाळली गेली. पण त्याच निकालाने देशात पहिल्यांदा, ठरावीक अटींवर, असाध्य रुग्णाला जगवत ठेवणारे उपचार काढून घ्यायला परवानगी दिली. नातेवाईक, जवळचे मित्र किंवा डॉक्टर यांनी निर्णय घ्यायचा, उच्च न्यायालयाकडे जायचं, न्यायालयाने तीन डॉक्टरांचं मत घ्यायचं, मग ठरवायचं. विष टोचून जीव घेणं मात्र गुन्हाच.

या निकालातलं सगळ्यात मोलाचं वाक्य मला वेगळंच वाटतं. अरुणाच्या वतीने बोलण्याचा हक्क विराणींना नाही, तो के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांना आहे, असं न्यायालयाने सांगितलं. पुस्तक लिहिलं म्हणून कुणी जवळचा होत नाही, इतकी वर्षं ज्यांनी दिवसरात्र सांभाळलं ते जवळचे. उद्या त्यांचं मन बदललं तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करावा. रक्ताचं नातं नाही, लग्नाचं नाही, तरी हाताने केलेल्या सेवेतून निर्माण झालेला अधिकार कायद्याने मान्य केला. परळला नर्सनी केक कापला, मिठाई वाटली. अरुणाचा हा पुनर्जन्म, असं त्या म्हणत होत्या. विराणी याचिका हरल्या, पण त्यांनी ती केली नसती तर देशातल्या हजारो कुटुंबांना कायद्याची वाट मिळाली नसती. दोन बाजूंपैकी एकीलाच बरोबर ठरवायची घाई आपण करू नये, कारण न्यायालयानेही ती केली नाही.

१८ मे २०१५ ला न्यूमोनियाने अरुणा गेली. भोईवाड्याच्या स्मशानात तिच्यावर अंत्यसंस्कार झाले. रुग्णालयाचे अधिष्ठाता आणि नातेवाईक दोघांनी मिळून विधी केले, आणि निरोपाला नर्सची गर्दी होती.

मिळालेली वाट चालायला मात्र फार अवघड निघाली. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेला मुलगा उच्च न्यायालयात अर्ज कधी करणार, वकील कधी गाठणार, तोवर वडिलांचं काय होणार? प्रत्यक्षात लोकांची रीत जुनीच राहिली. डॉक्टर हलकेच सांगत, ‘आता फार उपयोग नाही.’ मग घरचे ‘घरी घेऊन जातो’ म्हणत, डॉक्टरच्या सल्ल्याविरुद्ध नेत असल्याच्या कागदावर सही करत, आणि रुग्णवाहिका गावाकडे निघे. कारणं कधी माया, कधी पैसे संपलेले, बहुतेक वेळा दोन्ही. निर्णय रोज होत होते. फक्त ते कुणी घेतले हे कुठेही लिहिलं जात नव्हतं. घरी नेलेल्या रुग्णाला वेदनाशामक औषधं मिळतील याची हमी नव्हती, आणि सही करणाऱ्या मुलाला ती सही पुढे आयुष्यभर सलत राही.

याच हक्कासाठी कॉमन कॉज या दिल्लीच्या संस्थेने २००५ मध्ये केलेली याचिका अजून पडून होती. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच तीन न्यायमूर्तींनी म्हटलं, की २०११ च्या निकालाने ग्यान कौर खटल्याचा अर्थ नीट लावलेला नाही, तेव्हा घटनापीठानेच हे सोडवावं. ९ मार्च २०१८ ला सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या पाच जणांच्या पीठाने निकाल दिला. सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि शुद्धीत असताना कुणीही प्रौढ माणूस आपली इच्छा लिहून ठेवू शकतो. पुढे कधी मला सांगता आलं नाही तर अमुक उपचार नकोत, आणि माझ्या वतीने अमुक व्यक्ती बोलेल. मसानींची मागणी सदतीस वर्षांनी मान्य झाली. ते स्वतः १९९८ मध्येच गेले होते.

त्याच सुमारास गिरगावातल्या ठाकूरद्वारच्या एका चाळीतल्या वृद्ध जोडप्याने राष्ट्रपतींना पत्र लिहून इच्छामरण मागितलं. दोघांपैकी कुणालाही दुर्धर आजार नव्हता. मूलबाळ नव्हतं, समाजाला आता आपला उपयोग नाही असं त्यांचं म्हणणं. वर्तमानपत्रांनी बातमी उचलली, गावोगावच्या कट्ट्यांवर चर्चा झाली. घटनापीठाच्या निकालात त्यांच्यासाठी काहीच नव्हतं. निकाल उपचार थांबवण्यापुरता होता, धडधाकट माणसाला मरण देण्यापुरता नव्हता. मला वाटतं, या रेघेवर बहुतेक मराठी माणसांचं मत न्यायालयाशी जुळतं. नळ्या काढा, हे त्यांना पटतं. इंजेक्शन द्या, हे नाही.

२०१८ च्या निकालाची गंमत अशी, की त्याने हक्क दिला आणि कुलपं इतकी लावली की किल्ली सापडेना. उपचारांबद्दल लिहून ठेवलेल्या या इच्छापत्रावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी. उपचार थांबवायचे तर रुग्णालयाचं एक मंडळ हवं, त्यातल्या तज्ज्ञांना वीस वर्षांचा अनुभव हवा. मग जिल्हाधिकाऱ्याने नेमलेलं दुसरं मंडळ, मग न्यायदंडाधिकाऱ्याची रुग्णाला प्रत्यक्ष भेट. तालुक्याच्या ठिकाणी हे जमणार कसं? अखेर अतिदक्षता वैद्यकाच्या डॉक्टरांची संघटनाच न्यायालयात गेली, आणि २४ जानेवारी २०२३ ला न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या घटनापीठाने नियम सोपे केले. न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही पुरेल. डॉक्टरांना पाच वर्षांचा अनुभव पुरेल. मंडळाने शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यावं. न्यायदंडाधिकाऱ्याला नुसतं कळवावं.

दरम्यान कलम ३०९ ही हळूच गेलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याचे दात काढले होते, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत ते उरलंच नाही. राहिला तो कलम २२६ मधला तुकडा. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी जीव देऊ पाहणं अजून गुन्हा आहे. म्हणजे महापालिका आयुक्तांच्या दारात रॉकेल ओतून घेणारा तो शिपाई आज कदाचित पुन्हा पकडला जाईल.

इच्छापत्राची प्रत ठेवायची कुणी, हा साधा प्रश्नही वर्षभर लोंबकळला. न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेला अधिकारी ती ठेवेल असं म्हटलं होतं, अधिकारी मात्र नेमलेले नव्हते. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचं इच्छापत्र करून ते महापालिकेकडे नेलं, आणि व्यवस्था उभी राहावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यानंतर महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले गेले. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी आपलं इच्छापत्र नोंदवलं, आणि तसं करणारे ते राज्यातले पहिले ठरले. न्यायाधीशाने स्वतःच पहिली सही करणं, याचा लोकांवर कुठल्याही निकालपत्रापेक्षा जास्त परिणाम होतो.

तरीही संसदेने या विषयावर अजून स्वतंत्र कायदा केलेला नाही. विधी आयोगाने २००६ आणि २०१२ मध्ये दोनदा अहवाल दिले, ते अहवालच राहिले. आज जे आहे ते न्यायालयाने घालून दिलेलं आहे, आणि ते बहुसंख्य घरांत पोचलेलंच नाही. इच्छापत्राला दोन साक्षीदार, एक नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी आणि आपल्या वतीने बोलणाऱ्याचं नाव एवढंच लागतं. ते नाव लिहिण्याआधी त्या माणसाशी एकदा निवांत बसून बोला. अरुणाला ती संधी मिळाली नव्हती.